इस्पितळातून सुटला, आता पुढच्या बारा महिन्यांचे बघा

तुम्ही लिहिलेय त्यावरून मला समजले ते असे. तुमच्या नाट्यमंडळातला मित्र, वय चाळिशीच्या आत, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटदाराकडे कामाला. त्याला जीबीएस हा नसांचा आजार झाला, गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, व्हेंटिलेटरवर होता, आता घरी आलाय पण स्वतःहून उभा राहू शकत नाही. घरात बायको, शाळेत जाणारी दोन मुले, म्हातारी आई. तुम्ही दहा-बाराजण पैसे जमवायचे म्हणताय आणि विचारताय की वेबसाइटवर आवाहन टाकावे, नाटकाचा प्रयोग लावावा की सगळ्यांना क्यूआर कोड पाठवावा, आणि पैसे घ्यावेत कोणाच्या खात्यावर.

मी बँकेतून निवृत्त झाले, फोंडा तालुक्यात राहते. आमच्या भागात अशी मदत उभी राहिली की हिशेबाची वही बहुतेक वेळा माझ्याकडे येते. त्यावरून सांगते: आधी आजार समजून घ्या, मग पैशांचा आकडा ठरवा. तुम्ही उलटे करताय. "निदान दोन लाख तरी जमले पाहिजेत" हा आकडा कुठून आला ते तुमच्या लिहिण्यात कुठेच नाही.

जीबीएस म्हणजे गिलियन-बारे सिंड्रोम. २०२५च्या सुरुवातीला पुण्यात एकदम रुग्ण वाढले तेव्हा हे नाव घरोघरी पोचले. एखाद्या जंतुसंसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते. पाय लुळे पडत जातात, मग हात, काहींचा श्वासही. इस्पितळात जे महागडे इंजेक्शन देतात ते इम्युनोग्लोब्युलिन. वजनाच्या दर किलोमागे एकूण दोन ग्रॅम असे ते साधारणपणे पाच दिवसांत देतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला १२० ग्रॅम. लोकांच्या डोळ्यांपुढे खर्च म्हणून येतो तो हाच. पण पुढचा काळ लांब असतो. नसेवरचे आवरणच गेले असेल तर सुधारणा लवकर होते. आतला तंतू तुटला असेल तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढतो. कमरेपासून पावलापर्यंतचे अंतर मोजा, म्हणजे तुमच्या मित्राला सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त का लागेल ते कळेल. बहुतेक रुग्ण पुन्हा चालू लागतात. पण तोवर व्यायाम रोज, आणि पगार शून्य.

गोव्यात आपले एक बरे आहे. गोमेकॉत गोंयकाराला उपचाराचा मोठा भार येत नाही. शिवाय २०१६पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे: तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त माणसे असतील तर चार लाखांपर्यंतचे संरक्षण. तुमच्या मित्राच्या घरात चारांहून जास्त माणसे आहेत. कार्डावर सगळ्यांची नावे आहेत का आणि कार्डाचे नूतनीकरण झालेय का, एवढे आजच बघा. पण या सगळ्याचा संबंध मुख्यतः इस्पितळाशी. घरी येणारा फिजिओथेरपिस्ट, रात्री कूस बदलायला लागणारा माणूस, मोठ्यांचे डायपर, बांबोळीला गोमेकॉत तपासणीला न्यायची गाडी, घरचे तांदूळ-तेल, मुलांची फी, मोटरसायकलचा हप्ता, हे कुठल्याच योजनेत बसत नाही. मी पाहिलेली कुटुंबे कर्जात गेली ती इथे. माणूस घरी आला की गावाला वाटते संकट टळले, आणि पाकिटे बंद होतात. म्हणून तुम्ही मदत मागाल ती या बारा महिन्यांसाठी मागा, आणि तसे स्पष्ट सांगून मागा.

आता पैसे गोळा करण्याआधीचे एक काम. मित्राच्या पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, कपात आहे का पाहा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारांना हा विमा लागू असतो, कंत्राटदाराकडच्यांनासुद्धा. कपातीचे दिवस पुरेसे भरले असतील तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. ठरावीक लांबच्या आजारांसाठी, त्यात काही प्रकारचे पक्षाघात येतात, ८० टक्के दराने अधिक काळ मिळण्याचीही सोय आहे; ते डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर आणि नोकरीच्या काळावर अवलंबून असते. कपात होत असूनही घरच्यांना ते माहीत नसते, कारण चिठ्ठी कोणी वाचतच नाही. पीएफमधूनही आजारपणासाठी पैसे काढता येतात. जे त्याच्या हक्काचे आहे ते आधी मिळवून द्या. मित्रांपैकी एकाने फक्त हे कागदांचे काम घ्यावे, त्या माणसाने वर्गणी नाही दिली तरी चालेल.

मग वहिनींबरोबर, म्हणजे मित्राच्या बायकोबरोबर, बसा. दोघेच जा, त्यात एक बाई असू द्या. महिन्याचा खर्च लिहून काढा, येणारे पैसे लिहा, आणि मधली तूट काढा. समजा ती पंचवीस हजार निघाली. पन्नास जणांनी महिन्याला पाचशे रुपये वर्षभर द्यायचे ठरवले तर ती भरून निघते. नाट्यमंडळ, भजनी मंडळ, शाळेचे वर्गमित्र, कारखान्यातले सहकारी धरले तर पन्नास नावे सहज होतात. एकदाच पाच हजार देणारा माणूस मिळाला तर आनंदाने घ्या, पण मंडळाचा कणा म्हणून महिन्याचा शब्द देणारे शोधा. बँकेत स्थायी सूचना देऊन ठेवली की दर महिन्याला आठवण करून द्यावी लागत नाही, आणि मागणाऱ्याचा संकोचही वाचतो.

खात्याबद्दल माझे मत ठाम आहे. पैसे वहिनींच्या खात्यावर. तुमच्यापैकी कोणाच्या खात्यावर मुळीच नकोत, माणूस कितीही सचोटीचा असो. आमच्या बाजूच्या एका गावात वर्गणी एका मित्राच्या खात्यावर आली आणि महिन्याच्या पाच तारखेला त्याच्याच गाडीच्या कर्जाचा हप्ता त्यातून आपोआप कापला गेला. त्याने दोन दिवसांत भरून दिले. तरी बोलणी झाली ती झालीच, आणि मंडळ फुटले. वहिनींच्या नावावर वेगळे बचत खाते उघडा, घरखर्चात मिसळू नका, एटीएम कार्ड त्यांच्याकडेच राहू द्या. तुम्ही दोघांनी फक्त जमा रकमेची नोंद ठेवायची.

कराचेही बघून ठेवा. जवळच्या नातेवाइकांनी दिलेल्या पैशांवर कर नसतो. मित्रांकडून आणि इतरांकडून एका आर्थिक वर्षात मिळून ५०,००० रुपयांच्या वर मिळाले, तर वरचेच नव्हे, सगळेच पैसे घेणाऱ्याचे उत्पन्न धरले जातात. वहिनींचे दुसरे उत्पन्न नसेल तर प्रत्यक्षात कर भरावा लागणार नाही अशी शक्यता मोठी, पण विवरणपत्र भरायचे की नाही ते एखाद्या सीएला विचाराच. ओळखीतला सीए अशा कामाचे पैसे सहसा घेत नाही. नोंदणीकृत धर्मादाय न्यासाकडून आलेल्या मदतीला हा नियम लागत नाही. म्हणून रक्कम मोठी होणार असेल तर तसा न्यास गाठणे चांगले. व्यक्तीला थेट पैसे दिले तर देणाऱ्याला करसवलत मिळत नाही, हेही आधीच सांगा. मार्च महिन्यात पावती मागायला येतात आणि नाराजी होते.

आणि हे खास आपल्या गोव्यासाठी. तुम्ही लिहिलेय की वर्गातले चार-पाचजण लंडन आणि स्विंडनला आहेत, ते पाठवायला तयार आहेत. त्यांचा पासपोर्ट कोणता ते विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने परदेशातून आपल्या कमाईतले पैसे बँकेमार्फत पाठवले तर अडचण नाही. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला आपला मित्र मात्र कायद्याने परदेशी नागरिक, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरीही, आणि त्याचे पैसे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात. सख्ख्या भावंडांसारख्या जवळच्या नातेवाइकाला सूट आहे, वर्गमित्राला तशी नाही. परदेशी पैसे घ्यायला नोंदणी असलेल्या संस्थेमार्फतच ते यावेत. मित्र आपला, मन त्याचे इथेच, हे मला कळते. पण त्याच्या प्रेमापायी वहिनींच्या खात्यावर चौकशी यायला नको.

वेबसाइटवरची मोहीम अतिदक्षता विभागातल्या रुग्णासाठी उपयोगी पडते. इस्पितळाचे अंदाजपत्रक असते, घाई असते, अनोळखी लोक देतात. वर्षभराच्या फिजिओथेरपीसाठी अनोळखी माणूस सहसा हात सैल सोडत नाही. करायचीच असेल तर शुल्क किती, टीप म्हणून काय कापतात, ते आधी वाचा.

नाटकाबद्दल तुमचा उत्साह वाचून बरे वाटले. तरी स्वतंत्र प्रयोग लावू नका. सभागृहाचे भाडे, प्रकाशयोजना, ध्वनी, वेशभूषा, रंगभूषा, कलाकारांची ने-आण यांत तिकिटांचे बरेचसे पैसे जातात, आणि तिकिटे खपवता खपवता तुमचेच लोक दमतात. जत्रेला तुमच्या देवळात नाटक होतेच. त्याच रात्री, पहिला अंक संपल्यावर, देवस्थान समितीची आगाऊ परवानगी घेऊन पाच मिनिटे आवाहन करा. पावणी, म्हणजे देवळातला वस्तूंचा लिलाव, होत असेल तर एखादी वस्तू या कामासाठी ठेवायला देवस्थानच्या महाजनांना विनंती करा. आमच्याकडे नारळाची पावणी चढत गेलेली मी पाहिलेय, कारण प्रत्येकाला कळत होते की हा पैसा कुठे जाणार. जमलेली रोकड तिथेच तिघांनी मोजायची, कागदावर सह्या करायच्या, दुसऱ्या दिवशी बँकेत भरायची.

आता मला सगळ्यांत जास्त महत्त्वाचे वाटते ते. या आजारात माणसाची बुद्धी शाबूत असते. व्हेंटिलेटरवर असताना, डोळे उघडता येत नसतानाही त्याला बहुधा ऐकू येत होते, कळत होते. खाटेभोवती उभे राहून "घर कसे चालायचे" असे बोलणारे लोक त्याने ऐकले असतील. तेव्हा तुमच्या मित्राला विचारल्याशिवाय एक अक्षर कुठे पाठवू नका. नळ्या लावलेला फोटो नको, रिपोर्ट नको, मुलांचे चेहरे तर नकोतच. तो नट आहे, लोकांनी त्याला रंगमंचावर उभा पाहिलाय. फोटो द्यायचाच तर तो म्हणेल तो द्या. संदेश असा पुरे: "आपला मित्र जीबीएसमधून बरा होत आहे. पुन्हा चालायला वर्षभर लागेल असे डॉक्टर म्हणतात. तोवर घर आणि व्यायामाचा खर्च आपण मिळून उचलतोय. दरमहा ५०० रुपये, बारा महिने. खाते त्याच्या पत्नीच्या नावे आहे." खाली तुमच्या दोघांची नावे आणि फोन. बाकी रडवणारे काही लिहू नका. ओळखीची माणसे एवढ्यावर देतात.

तो नको म्हणाला तर? बरेचजण म्हणतात. मग लगेच माघार घेऊ नका आणि लपवूनही करू नका. त्याच्या आईच्या किंवा मोठ्या भावाच्या तोंडून बोलणे घाला. मंडळातल्या दुसऱ्या कोणावर वेळ आली असती तर त्याने काय केले असते, हे त्यालाच विचारा. याचे उत्तर तो टाळू शकत नाही.

हिशेबाबद्दल दोन बाजू आहेत. जमा किती झाले ते दर महिन्याला सगळ्यांना कळलेच पाहिजे. खर्चाचे मात्र फक्त मोठे मथळे सांगा: फिजिओथेरपी, औषधे, घर. वहिनींकडून बिले मागू नका. एका घरी गणेशचवथीला मुलांना नवे कपडे घेतले, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी नेहमीसारखी बांधली, तर वर्गणीदारांपैकी दोघे कुजबुजू लागले. मला त्याचा फार राग आला होता आणि मी तो बोलून दाखवला. आजारी बापाच्या मुलांनी चवथही करू नये की काय? दिलेला पैसा त्या घराचा झाला. ज्याला हे मान्य नाही त्याने देऊ नये, हे सुरुवातीलाच सांगून टाका.

ज्यांना पाचशे जमत नाहीत त्यांनाही कामे आहेत, आणि ती पैशांइतकीच मोलाची. आठवड्यातून दोन दुपारी कोणी त्याच्याजवळ बसले तर वहिनी शिवणकाम करू शकतील किंवा नुसत्या झोपतील. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम मित्रांनी शिकून घेतले तर संध्याकाळची पाळी फुकट होते. पण त्याने सांगितले तेवढेच, थकेपर्यंत ताणायचे नाही, कारण जीबीएसमध्ये अति व्यायामाने उलट शक्ती जाते. मंडळात सुतार, गवंडी असतीलच. न्हाणीघरात धरायला दांडा, सोप्याच्या पायऱ्यांवर उतार, हे पाऊस लागण्याआधी करून घ्या. चाकाची खुर्ची आणि इस्पितळातल्यासारखी खाट विकत घेऊ नका, कोणाकडे तरी वापरून पडून असते.

आणि मुदत. बारा महिने म्हणालात तर दहाव्या महिन्यात त्याच्याशी, वहिनींशी बसा. तो तोवर काठीने चालू लागला असेल आणि बसून करायचे काम मिळण्यासारखे असेल, तर वर्गणी कमी करत आणा. जुन्या कंत्राटदाराकडे हलके काम मागायचे असेल तर ते बोलणे कारखान्यातल्या मित्रांनी आधीच सुरू करावे, जागा भरून गेल्यावर नव्हे.

पगाराची चिठ्ठी सापडली आणि त्यावर ईएसआय दिसले तर इथेच कळवा. नोकरी लागल्याची तारीख आणि कामावर गेलेला शेवटचा दिवसही लिहा, म्हणजे पुढे कोणते कागद लागतील ते क्रमाने सांगते.