विश्वशास्त्रज्ञ कार्लोस फ्रेंक यांच्या संशोधनाला एवढी सायटेशन्स (इतर संशोधकांच्या निबंधांतले उल्लेख) कशामुळे मिळतात?

मुख्यतः एका सूत्रामुळे. खुलियो नवारो आणि सायमन व्हाइट यांच्यासोबत त्यांनी १९९६ आणि १९९७ साली ‘अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल’मध्ये मांडलेली ही ‘एनएफडब्ल्यू प्रोफाइल’ (तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं). कृष्णपदार्थ म्हणजे न दिसणारा, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारा पदार्थ; दीर्घिकांना वेढणाऱ्या त्याच्या प्रभामंडलाची घनता केंद्रापासून बाहेर जाताना कशी घटते, हे ती सांगते: आतल्या भागात अंतराच्या व्यस्त प्रमाणात, बाहेर अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात. दोनच आकडे भरायचे की झालं. म्हणून गुरुत्वीय भिंगाचा (वस्तुमानामुळे प्रकाश वाकण्याचा) अभ्यास करणारे, दीर्घिकांचा भ्रमणवेग मोजणारे, गॅमा किरणांत कृष्णपदार्थाचा माग काढणारे, सगळेच हे निबंध उद्धृत करतात. नासाच्या एडीएस या खगोलशास्त्रीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीत फ्रेंक यांचं नाव टाकून सायटेशननुसार क्रम लावा, हे निबंध अगदी वर सापडतील.

मात्र सायटेशन्सचा एकूण आकडा एकट्याच्या खात्यावर मांडू नका. त्यात २००५ चं मिलेनियम सिम्युलेशन (विश्वाच्या जडणघडणीचं संगणकीय प्रारूप) किंवा टू-डीएफ दीर्घिका सर्वेक्षण अशी मोठ्या चमूंची कामंही येतात. शिवाय सायटेशन म्हणजे सहमती नव्हे. लहान दीर्घिकांच्या केंद्रात घनता सूत्राइतकी वाढताना दिसत नाही, असं म्हणणारे टीकाकारही याच निबंधांचा हवाला देतात, आणि तेही थोडेथोडके नाहीत.