संग्रहालयात अल्पसंख्याक समाजातले लोक फारसे येत नाहीत, त्यांचा सहभाग कसा वाढवता येईल?

तिकीट माफ करणं आणि वर्षातून एकदा सांस्कृतिक दिवस साजरा करणं, हे दोन उपाय सगळ्यांना आधी सुचतात. जरूर करा. पण एवढ्यानं लोक पुन्हा पुन्हा येतील असं मला वाटत नाही. अडचण तिकिटाची कमी आणि 'आमच्याबद्दल इथे काय लिहायचं ते कुणी ठरवलं?' याची जास्त असते.

माझं आवडतं उदाहरण उंदरांचं आहे. अमेरिकेतली अनेक संग्रहालयं चालवणाऱ्या स्मिथसोनियन संस्थेनं १९६७ मध्ये वॉशिंग्टनच्या अ‍ॅनाकोस्टिया या मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या भागात, एका बंद सिनेमागृहात छोटं संग्रहालय उघडलं. जॉन किनार्ड त्याचे पहिले संचालक. वस्तीला उंदरांनी हैराण केलं होतं, म्हणून १९६९ मध्ये तिथे चक्क उंदरांवर प्रदर्शन भरलं! तज्ज्ञांच्या बैठकीत हा विषय कुणी काढला असता तर हशाच पिकला असता.

नव्या वस्तू आणायलाच हव्यात असंही नाही. १९९२ मध्ये अमेरिकेतल्याच बाल्टिमोर शहराच्या एका इतिहास संस्थेत फ्रेड विल्सन या कलाकारानं तिथल्याच संग्रहातली नक्षीदार चांदीची भांडी आणि गुलामांच्या बेड्या एकाच कपाटात ठेवल्या. पाटीवर लिहिलं होतं 'धातुकाम', आणि सन. बस्स.

बर्लिनच्या चार संग्रहालयांनी २०१५ पासून सिरिया आणि इराकमधून आलेल्या निर्वासितांना मार्गदर्शक म्हणून तयार केलं. ते अरबीतून दालनं दाखवतात. आजच्या इराकमधल्या प्राचीन बॅबिलोनच्या इश्तार दरवाजापुढे उभा राहून एखादा इराकी माणूस बोलायचा, तेव्हा तिथला पाहुणा नक्की कोण असायचा?

तुम्ही स्वतः असं काही करणार असाल तर लोकांना विषय ठरण्याआधी बोलवा. मजकूर छापून झाल्यावर 'जरा नजर टाका' म्हणणं हा निव्वळ उपचार झाला (आणि तो लगेच कळतो). त्यांच्या वेळेचं मानधन द्या; संग्रह सांभाळणाऱ्या अभिरक्षकाला (क्युरेटरला) पगार आणि त्यांना आभाराचं पत्र, हे बरं दिसत नाही. शिवाय नकाराचा हक्कही द्या. एखादी पवित्र वस्तू किंवा पूर्वजांचे अवशेष काचेत ठेवू नका असं ते म्हणाले, तर ती जागा रिकामी ठेवा आणि का रिकामी आहे ते त्यांच्याच शब्दांत तिथे लिहा.