जादूची किंमत कोण मोजतं?

प्रिय,

'आवडली, पण मनापासून आवडली असंही म्हणवत नाही', या वाक्यापाशी तुझं गाडं अडलंय. सुझॅना क्लार्क यांच्या 'जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल' (२००४) या, नेपोलियनच्या काळातल्या दोन इंग्रज जादूगारांवरच्या कादंबरीबद्दल असं वाटणं साहजिक आहे. पण परीक्षणाच्या मसुद्यात तू जे केलंस ते पटलं नाही. दिवाणखान्यातला विनोद झकास, युद्ध रटाळ, परीकथा उत्तम, असे तुकडे पाडून गुण वाटलेस. परीक्षण म्हणजे प्रगतिपुस्तक नव्हे!

ऐतिहासिक फँटसीला, म्हणजे खऱ्या इतिहासात जादू मिसळणाऱ्या कथेला, पहिला प्रश्न एकच विचारायचा: जादूची किंमत कोण मोजतं?

आठवं प्रकरण पुन्हा काढ. सर वॉल्टर पोल यांची वाग्दत्त वधू मेली आहे. सरकारदरबारी वजन वाढावं म्हणून नॉरेल तिला उठवतो, आणि बदल्यात तिचं अर्धं आयुष्य परीलोकातल्या गृहस्थाला देऊन टाकतो. हिशेब असा, की ती आता १९ वर्षांची. ९४ पर्यंत जगली तर उरली ७५, त्यातली निम्मी त्याची. नॉरेलला वाटतं, शेवटची वर्षं जातील. तो गृहस्थ मात्र तिची प्रत्येक रात्र नेतो. सांगायला तोंड उघडलं की भलत्याच गोष्टी बाहेर पडतात, म्हणून लोक तिला वेडी ठरवतात. त्याच घरातला बटलर स्टीफन ब्लॅक, गुलाम आईचा मुलगा, तोही रोज रात्री परीलोकातच ओढला जातो. किंमत या दोघांनी मोजायची, आणि त्यांना कुणी विचारलेलंसुद्धा नाही. नॉरेल आणि स्ट्रेंज हे दोन्ही जादूगार तेव्हा पुस्तकांवरून वाद घालत असतात.

आता एक कागद घे, चार रकाने आख: जादू कोणती, कुणी केली, काय बदललं, कुणी मोजलं. पान क्रमांक टाक. तळटीपा गाळू नकोस. काही पानभर लांबतात, पण जुन्या सौद्यांच्या कथा तिथेच आहेत.

चौथा रकाना कुठे रिकामा राहतो ते बघ. युद्धात तोफांचा पत्ता काढायला १७ मेलेले नेपोलिटन (इटलीतल्या नेपल्सचे) सैनिक उठवले जातात आणि मग त्यांना परत पाठवता येत नाही. ते पान अंगावर येतं, कारण किंमत समोर उभी आहे. वॉटर्लूच्या लढाईआधी स्ट्रेंज अख्खं ब्रसेल्स अमेरिकेत नेऊन ठेवतो, तिथे मात्र जवळपास कुणाचं काहीच जात नाही. वाचताना मजा येते, पण धाकधूक होत नाही. तुला 'रटाळ' वाटलं ते बहुधा हेच. मग तसं लिही ना! पहिला खंड ताणलाय, ही तुझी तक्रार मला मान्य आहे. स्ट्रेंज खऱ्या अर्थाने दुसऱ्या खंडात येतो, आणि लंडनच्या बैठकी आटोपशीर करता आल्या असत्या.

'एवढी जादू असून इतिहास तसाच कसा?' हा आक्षेप मात्र काढून टाक. नेपोलियन १८१५ मध्येच हरतो, खरं आहे. लेखिकेने बदल नकाशात केलेला नाही, त्या बाईच्या रात्रींत केलाय. हे मी याआधीही सांगितलंय आणि पुन्हा सांगेन. किंमत न बघता या प्रकारच्या कादंबरीवर लिहिलेलं काहीही मला कच्चंच वाटतं. हट्ट म्हण हवं तर.

नवा मसुदा आठव्या प्रकरणापासून सुरू कर. ब्रसेल्सला दोन वाक्यं पुरेत. आणि स्टीफनवर निदान एक पूर्ण परिच्छेद हवा. पहिल्या मसुद्यात त्याचं नावसुद्धा नव्हतं.