डिझेल इंजिनच्या शिडाच्या बोटीवर डिंगीसाठी लागणारं पेट्रोल कुठे ठेवावं आणि कसं ओतावं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: ३० फुटी शिडाची बोट, इंजिन डिझेलचं, पण डिंगीच्या (किनाऱ्यावर ये-जा करायच्या छोट्या होडीच्या) आउटबोर्डला, म्हणजे तिच्या मागे अडकवायच्या इंजिनाला, पेट्रोल लागतं. २० लिटरचा कॅन कॉकपिटमधल्या (सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीतल्या) बाकाखालच्या कप्प्यात ठेवला तर चालेल का? आणि बोट डोलत असताना त्यातून लहान टाकीत कसं ओतायचं?

बाकाखाली ठेवू नका. मी तीन मोसम तिथेच ठेवत होतो, म्हणून हे ठासून सांगतोय.

एकदा घाईघाईत कॅन गळ्यापर्यंत भरून आणला आणि त्या कप्प्यात सरकवला. दिवसभर वरून ऊन. पेट्रोल तापलं की फुगतं, दर अंश सेल्सिअसला साधारण हजारात एक भाग. म्हणजे २० लिटर पेट्रोल २० अंशांनी तापलं तर जवळपास ४०० मिली वाढतं, आणि वर रिकामी जागाच ठेवली नसेल तर ते बुचाच्या रबरातून वाट काढतं. आता तो कप्पा वरून कितीही बंदिस्त दिसो, आत वाकून टॉर्चने बघा: केबल आणि पाइप नेण्यासाठी पाडलेली भोकं थेट इंजिनाच्या बाजूला उघडतात. पहाटे जाग आली ती वासाने. अर्धवट झोपेत हात दिव्याच्या बटणाकडे गेला होता. टेकला नाही, एवढंच.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जाऊन विरून जात नाही, पाण्यासारखी खाली उतरते आणि बोटीत सगळ्यात खाली असतं ते बिल्ज, म्हणजे तळाची पोकळी. हवेत दीडेक टक्का वाफ मिसळली की मिश्रण पेट घ्यायला तयार. एक लिटर पेट्रोल पूर्ण उडालं तर दीड-दोनशे लिटर वाफ होते, त्यामुळे कपभर सांडलेलंही बंद केबिनला पुरतं. डिझेल नेहमीच्या तापमानाला अशी वाफ सोडत नाही. म्हणूनच तुमची बोट डिझेलची आहे ही इथे उलटी अडचण आहे. पेट्रोल इंजिनच्या बोटीत ठिणगी बाहेर न पडणारे स्विच, पंप आणि वाफ बाहेर फेकणारे पंखे (ब्लोअर) बसवतात. डिझेलच्या बोटीत ते असतीलच असं नाही, कारण त्यांची गरज कुणाला वाटलेली नसते.

त्या पहाटे मी कुठलंही बटण दाबलं नाही, चालू करायला नाही आणि बंद करायलाही नाही. बॅटरीच्या मुख्य स्विचला हात लावला नाही, कारण तो बंद करतानाही ठिणगी पडते. सगळ्यांना उठवून डेकवर काढलं, हॅच (डेकवरची झाकणं) उघडले, स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर हाताने बंद केला आणि कॉकपिटमधल्या हातपंपाने बिल्ज उपसत बसलो. फोन खिशातच राहू दिला. वास येईनासा झाल्यावरही बराच वेळ थांबलो. नाक लवकर मरतं, त्याच्यावर विसंबण्यात अर्थ नाही.

तेव्हापासून कॅन बाहेर, अगदी मागच्या कठड्यावर पक्क्या स्टँडमध्ये असतो. तिथून गळलं तर समुद्रात जाईल, तेही वाईटच, पण बोटीच्या पोटात जाणार नाही. वर पांढऱ्या कापडाची खोळ, कारण उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं. लांबच्या सफरीवर निघालेले काही जण बाजूच्या कठड्याला फळी बांधून कॅनची रांग लावतात. मला ते पटत नाही. एखादी मोठी लाट आली की कॅनसकट कठड्याचा खांबही वाकतो. कमी पेट्रोल न्या, हा त्यावरचा माझा उपाय. नाहीतरी इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल दमट हवेत पाणी ओढून घेतं, दोनेक महिन्यांत संपवलेलं बरं. कॅनवर ठळक अक्षरांत ‘पेट्रोल’ लिहा. नुसत्या रंगावर जाऊ नका, रंगाचा अर्थ देशागणिक बदलतो आणि डिझेलच्या टाकीत चुकून पेट्रोल ओतलं गेलं तर पुन्हा तोच प्रसंग.

भरण्याबद्दल. कॅन पंपावर भरताना तो जमिनीवर किंवा जेट्टीवर टेकवा, बोटीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवून भरू नका. वाहत्या पेट्रोलमुळे स्थिर वीज साठते, तिला जमिनीत उतरायला वाट हवी. नळीचं तोंड कॅनच्या गळ्याला टेकलेलं ठेवा आणि वर पाच टक्के जागा सोडा, म्हणजे २० लिटरच्या कॅनमध्ये १९.

ओतण्याची सगळ्यात सुरक्षित पद्धत म्हणजे बोटीवर न ओतणं. मी किनाऱ्यावरच मोठ्या कॅनमधून पाच लिटरच्या लहान कॅनमध्ये घेतो. आउटबोर्डला वेगळी टाकी असेल तर तीच काढून किनाऱ्यावर नेतो. जमणारच नसेल तर नांगर टाकलेला असताना, शांत पाण्यात, मागच्या टोकाला बसा. नांगरावर बोट वाऱ्याकडे तोंड करून राहते, त्यामुळे मागे बसलात की वाफ बोटीपासून दूर जाते. तरी कॉकपिटमध्ये हवा गिरकी घेते, म्हणून केबिनचं दार, हॅच, खिडक्या आधी बंद. चूल विझलेली, इंजिन थंड, सिगारेट कुणाच्याही हातात नाही.

नरसाळं मी वापरत नाही. डोलत्या बोटीत पंधरा किलोच्या आसपास वजन तिरकं धरायचं आणि धारेवर नजर ठेवायची, हे एका माणसाचं काम नाही. टोकाला झडप असलेली, हलवून चालू होणारी सायफनची नळी घ्या. कॅन वर, टाकी खाली, झडपेचं टोक कॅनमध्ये बुडवून चार-पाच झटके, की धार सुरू. दुसरं टोक टाकीच्या तळापर्यंत पोचलं पाहिजे, म्हणजे उडत नाही आणि वीजही कमी साठते. तोंडाने ओढू नका. पेट्रोल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनियासारखा आजार होतो, आणि त्याला घोटभरही लागत नाही.

शेजारी शोषून घेणारे पॅड आणि फोमचं किंवा पावडरचं अग्निशामक ठेवा. पाणी मारू नका, पेट्रोल पाण्यावर तरंगून आग पसरवतं. भिजलेले पॅड बंद डब्यात घालून बाहेरच ठेवायचे.

आणि कॅन रिकामा झाला म्हणून तो आत आणू नका. भरलेल्यात वाफेला जागा थोडी असते, रिकाम्यात आख्खा कॅन वाफेचा असतो. बूच घट्ट लावून तो परत मागच्या स्टँडमध्येच.