बाबांचा चौथा

मावशी,
आम्ही फोंड्याला राहतो. रविवारी नवऱ्याच्या मित्रांच्या कुटुंबांबरोबर आसगाव-शिवोलीकडच्या एखाद्या ब्रुअरीत जेवायला जातो. मोठी बाग असते, पिझ्झा असतो, इतरांचीही मुलं येतात. आमची मुलगी सहा वर्षांची आहे. नणंद म्हणते, "पोरीला गुत्त्यावर नेता, काय संस्कार होणार?" नवरा म्हणतो, "मी सत्तरी तालुक्यात काजूच्या भट्टीवर वाढलो, माझं काय बिघडलं?" मुलगी तर मजेत असते. "बाबांचा चौथा!" असं मोजून सांगते, सगळे हसतात. मी स्वतः घेत नाही. कोणाचं खरं मानू?
– कात्रीत सापडलेली

अगं, त्या दोघांना राहू दे बाजूला. पोरगी मोजते, हे तू एका ओळीत उडवून पुढे गेलीस. मी तिथेच अडकले.

सहा वर्षांच्या मुलीला त्या बागेत मोजायला काय कमी आहे? मांजरं आहेत, पार्किंगमधल्या काळ्या पाटीच्या भाड्याच्या गाड्या आहेत. ती बापाचे ग्लास मोजते. मुलं असलं काही उगाच मोजत नाहीत. कितव्याला बाबाचा आवाज चढतो, कितव्यानंतर आई बोलायची थांबते, हे तिला पाठ झालेलं असणार. तिच्यासाठी तो आकडा म्हणजे पुढची संध्याकाळ कशी जाणार याचा अंदाज आहे. टेबलावरचे सगळे हसतात म्हणतेस. ती हसते का, ते लिहिलं नाहीस.

नवऱ्याचा भट्टीचा दाखला अर्धा खरा आहे. मार्च ते मे काजूच्या बागायतीत पोरं असतातच. बोंडू गोळा करायचे, बी पिळून वेगळी काढायची, मोठी माणसं बोंडू तुडवताना बघायचं, ताजा गोड निरो प्यायचा. रस आंबतो, भट्टीवर चढतो, पहिल्यांदा हुर्राक उतरते, ती पुन्हा चढवली की फेणी. या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण तिथे मोठी माणसं घाम गाळत असतात आणि पोरांच्या हातालाही काम असतं. ब्रुअरीत तुझ्या लेकीला एकच काम आहे, बाबांचं आटपेपर्यंत थांबणं. तिने मग स्वतःसाठी हे दुसरं काम शोधलं.

नणंदेचं म्हणशील, तर बाटली दिसली म्हणून पोर बिघडत असतं तर कोपऱ्याकोपऱ्यावर बार असलेल्या या राज्यात एक धड माणूस उरला नसता. गोव्यात दारू पिण्याचं कायदेशीर वय २१ आहे. तुझ्या लेकीला अजून १५ वर्षं आहेत. ती चिंता तोवर नणंदेलाच वाहू दे.

आता तू जे लिहिलंच नाहीस त्याबद्दल. परतताना गाडी कोण चालवतं? स्वतः घेत नाहीस, तर स्टिअरिंगवर तू असतीस तर तेही लिहिलं असतंस. म्हणजे चार ग्लास बिअर रिचवलेला माणूस म्हापसा, पर्वरी, पणजी करत तुमच्या लेकीला फोंड्यापर्यंत आणतो. वाटेत बाणस्तारीचा पूल लागतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तिथे तीन माणसं गेली आणि गाडी चालवणाऱ्यावर दारू पिऊन चालवल्याचा आरोप ठेवला गेला. फोंड्यात राहून तुला हे माहीत नाही असं म्हणू नकोस.

कायदा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपर्यंतच मद्य चालवून घेतो. त्यावर सापडलं की पहिल्याच खेपेला सहा महिन्यांपर्यंत तुरुंग, १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'बिअरच तर आहे' हे बोलणं कुठल्याही यंत्राला कळत नाही. वरून कॉफी प्या, लिंबूसरबत प्या, भरपेट जेवा, पोटात गेलेली दारू आपल्या वेळेनेच उतरते. या ब्रुअऱ्यांत काही बिअर तर नेहमीच्या बाटलीपेक्षा बऱ्याच कडक असतात.

'मी स्वतः घेत नाही' हे तू निर्दोषपणाचा दाखला म्हणून जोडलंस. मला तो चालत नाही. त्या टेबलावर शुद्धीत असलेलं एकमेव मोठं माणूस तू आहेस, आणि पहारा सहा वर्षांच्या मुलीला द्यायला लावतेस.

तेव्हा येत्या रविवारी घरातून निघतानाच किल्ली तुझ्या पर्समध्ये. जाताना तू चालव, येतानाही तूच. चालवता येत नसेल तर शिकेपर्यंत ब्रुअरी बंद, जेवण घरी. रविवारी संध्याकाळी आसगावातून फोंड्याला टॅक्सी शोधत बसण्याच्या भरवशावर तर मुळीच जाऊ नकोस. आणि मोजायचं कामही तिच्याकडून काढून घे. दुसरा संपला की तू उठायचंस, तिच्या तोंडून आकडा यायच्या आत.

नवऱ्याचे मित्र चिडवतील, "काय रे, बायको नेते का तुला घरी?" चिडवू देत. टेबलावर त्यांच्याही बायका बसलेल्या असतात, त्यांनाही ऐकू जाईल.