गाऊन नंतर, आधी उत्तरं

मिस युनिव्हर्सपर्यंत जायचंय म्हणतेस, फार बरं वाटलं. पण कालपासून तू फक्त गाऊनचंच विचारतेयस, म्हणून लिहितेय. गाऊन शेवटी ठरव. बहुतेक मुली घसरतात त्या प्रश्नोत्तरांत.

मधु सप्रे माहीत आहे ना? १९९२ साली बँकॉकला आपली ही मराठी मुलगी शेवटच्या तिघींत होती. देशाची प्रमुख झालीस तर काय करशील, असं विचारल्यावर ती खेळाच्या सोयी उभारण्याबद्दल बोलली. स्वतः खेळाडूच होती ती. गरिबी सोडून मैदानं कसली, अशी टीका झाली. ती तिसरी आली. मला आजही ते उत्तर मनापासूनचं वाटतं, फक्त त्यामागचं कारण नीट यायला हवं होतं. तू तेच घोटव: आधी मत, लगेच कारण, मग थांब. फोनवर तीस सेकंद लावून रोज बोल. दुभाष्याच्या मदतीने उत्तर देणाऱ्या स्पर्धकही असतात, तेव्हा इंग्रजीची धास्ती नको.

हिल्स घालून घरात केर काढ, भांडी लाव. लांब गाऊनचा घेर पायाच्या बोटांनी हलकेच पुढे लोटत चालायचं, खाली बघायचं नाही. पहिल्या स्पर्धेत मी स्वतःच्याच घेरावर पाय दिला होता.

वयाची घाई करू नकोस. २०२३ पासून विवाहित आणि आई असलेल्या स्त्रियाही उतरतात, पुढे वयाची वरची अटही गेली.

आणि ‘नंबर पक्का करून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नकोस. माझे तसेच बुडालेत. रविवारी ये, हिल्स घेऊन.