घरखर्चाची वही: मेमधल्या पावसाचा हिशोब

प्रश्न: मी मुंबईतल्या वेसाव्याची. आमच्या मालकांची डोलीची, म्हणजे समुद्रात रोवलेल्या पिशवीसारख्या जाळ्याची, होडी आहे. आलेल्या बोंबलांतले निम्मे मी ओले विकते, निम्मे वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या मांडवावर टांगून, सुकवते. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा घर आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीसाठी लोक सुके मासे घेतात त्या, विक्रीवर चालतं. 2025 च्या मेमध्ये 200 किलो बोंबील टांगले होते, सुकून 30 किलो झाले असते. पावसात सगळे कुजले. कोंबडीखाद्यवाल्याने 600 रुपये टेकवले. पंचनाम्याला कुणी आलं नाही. बांगड्या गहाण ठेवून मुलीची फी भरली. ओल्याला किलोमागे 50 रुपये मिळतात, सुक्याला 500. मालक म्हणतात, सुकवणं सोड, सगळं ओलंच विकू. काय करू?

उत्तर: ताई, पत्र वाचताना वास आला. माझी आई मढला बोंबील सुकवायची. आभाळ भरलं की शाळेतून आलेल्या आम्हां पोरींच्या हातात जेवणाच्या आधी ताडपत्रीचं टोक यायचं. पण ते आभाळ जूनमधलं असायचं. मुंबईत पाऊस 11 जूनच्या सुमारास येतो असं धरतात, 2025 मध्ये तो 26 मेलाच आला. त्याआधी 2021 मध्ये 17 मेला तौक्ते चक्रीवादळ, 2020 मध्ये 3 जूनला निसर्ग. अरबी समुद्र तापतोय, आणि तापलेल्या पाण्यावर वादळं पोसतात. 2019 च्या दिवाळीत आधी क्यार, मागोमाग महा. ऐन हंगामात होड्या किनाऱ्यावर बसून राहिल्या, ते तुम्हाला आठवत असेलच.

आता तुमच्याच आकड्यांवर बोलू. 200 किलो ओले विकले तर 10,000 रुपये, सुकवले तर 15,000. म्हणजे टांगणं, उतरवणं, कावळे हाकणं, या सगळ्याचे वरचे 5,000. तीन खेपांतली एक भिजली की तिन्हीचे मिळून 30,000 येतात. तेवढे तर सगळं ओलं विकूनही आले असते, आणि उन्हात उभं राहावं लागलं नसतं. मेमध्ये हल्ली तीनात एक भिजणं अवघड नाही. मालकांचं म्हणणं मेपुरतं मला पटतं.

बारा महिन्यांसाठी नाही. सगळ्यांच्याच डोलीत बोंबील भरभरून आला की 50 चे 25 होतात. बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच, संध्याकाळपर्यंत त्याचा लगदा. वलांडी नसेल तर दलाल म्हणेल तो भाव. अशा दिवशी तीनातली एकच खेप सुकली, तरी तिचे 15,000 तिन्ही खेपा ओल्या विकण्याइतके होतात. तेव्हा सकाळी भाव बघा, आभाळ बघा, मग टांगायचं की टोपलीत भरायचं ते ठरवा. आगोटीचा माल जानेवारी ते मार्चमध्येच सुकवून, घट्ट बंद करून ठेवा. मेमध्ये सुकवायचा नाही, विकायचा.

बचत गट असेल तर सौर ड्रायरची चौकशी मत्स्यव्यवसाय खात्यात करा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत महिलांना खर्चाच्या 60 टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवलं होतं, ते अजून चालू आहे का तेही विचारा. दोन-चार घरांनी मिळून घेतला तर झेपेल. एकटीने घेऊ नका, हप्ता पावसाळ्यात थांबत नाही.

बांगड्या आधी सोडवा. 2018-19 पासून किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही मिळतं, आणि वेळेत फेडलं तर व्याज 4 टक्क्यांवर येतं. तुमच्या सोसायटीत विचारा.

आणि मुलीला एक वही द्या. होडी गेली नाही तो दिवस, भिजलेल्या खेपेचं वजन, फोटो, तारीख. ज्या पावसाला वादळासारखं नाव नसतं, त्याचं नुकसान दाखवायला तेवढंच हातात राहतं. कोंबडीखाद्यवाल्याचे 600 पण त्यात लिहायला सांगा, आणि पुढच्या वेळी त्याला माल देण्याआधी दुसऱ्याकडेही भाव विचारा.